सिंद्रीचे ठाणे आणि अल्लाबंध

कच्छच्या मोठ्या रणाच्या वायव्य भागात, हल्लीच्या भारत-पाकिस्तान सरहद्दीच्या लगत, पूर्व-पश्चिम पसरलेला मातीचा एक लांबलचक उंचवटा आहे. उंचीने तो कोठे तीन मीटर, कोठे फार तर सहा. लांबी मात्र ऐंशी-नव्वद किलोमीटर. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेला मनुष्य त्याला डोंगर तर नाहीच, पण टेकडी म्हणतानाही संकोचेल. तथापि ज्या मुलखात दिवसभर चालूनही वाटसरूला हातभर चढउतार लागत नाही, जेथे पावसाळ्यात पसरलेले उथळ पाणी आणि उन्हाळ्यात मिठाची पांढरी खपली यांखेरीज भूमीला दुसरे रूप नाही, तेथे एवढी उंची नदीचा मार्ग अडविण्यास आणि एका राज्याच्या जकातीचे खाते कायमचे बंद करण्यास पुरेशी ठरली. या उंचवट्याचा जन्म कोणत्या घटकेला झाला, हे ठाऊक आहे. १६ जून १८१९ च्या दुपारपर्यंत, पाहणाऱ्यांच्या साक्षीप्रमाणे, तेथे सपाट जमीन होती. त्याच दिवशी संध्याकाळी तेथे बांध होता.

भूकंपाचे नाव निघाले की आपल्या मनात हिमालय येतो, जपान येतो, दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा येतो. भूकवचाचे मोठाले खंड जेथे एकमेकांस भिडतात तेथे धरणी वरचेवर हादरते, आणि वरचेवर हादरते म्हणूनच तेथील माणसे आपली घरे, आपल्या चालीरीती आणि आपली भीतीसुद्धा त्या बेताने घडवितात. खंडांच्या अंतर्भागाची गोष्ट निराळी. भारतीय द्वीपकल्प, ऑस्ट्रेलियाचा मध्य, उत्तर अमेरिकेतील मिसिसिपीचे खोरे, या प्रदेशांना भूवैज्ञानिकांनी ‘स्थिर’ अशी पदवी देऊन ठेवली आहे. ती खोटी नव्हे, पण सापेक्ष आहे. तेथेही भूमी हलते. मात्र एका ठिकाणच्या एका मोठ्या धक्क्यापासून त्याच ठिकाणच्या दुसऱ्या धक्क्यापर्यंत कधी हजार, कधी कित्येक हजार वर्षे लोटतात, आणि इतके आयुष्य कोणत्याही राजघराण्याला, कोणत्याही दफ्तराला लाभत नाही. परिणामी प्रत्येक भूकंप तेथील रयतेला पहिलाच वाटतो. इतिहासकाराची खरी अडचण येथे आहे. ज्या शक्तीने भूमीला आकार दिला तिची नोंद त्याच्या कागदांत नाही, आणि ज्या एखाद्या प्रसंगी ती नोंद झाली त्या प्रसंगी माणसांनी आधी केलेले आणि भूमीने नंतर केलेले इतके एकमेकांत मिसळले आहे की दोहोंची वाटणी करणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसते. सिंद्रीच्या प्रकरणात हे काम करून पाहण्यासारखे आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिंधू नदीची एक पूर्वेकडील शाखा, जिला वरच्या अंगाला पुराण आणि मुखाशी कोरी म्हणत, रणाच्या पश्चिम टोकावरून वाहत येऊन कच्छच्या लखपत बंदराजवळ समुद्रास मिळत असे. आज ‘लखपत’ म्हटले की सात किलोमीटरांचा कोट, त्याच्या आत मोजकी घरे आणि गुरू नानकांच्या नावाचा गुरुद्वारा एवढेच प्रवाशाला दिसते; परंतु त्या काळी सिंधकडे जाणारा माल येथे उतरे, आणि बंदराचे रोजचे उत्पन्न एक लाख कोऱ्या होते अशी आख्यायिका कच्छमध्ये अद्याप सांगतात. (कोरी हे कच्छच्या जाडेजा रावांचे चांदीचे नाणे, खाडीचे नावही तेच पडले आहे, याने वाचकाने गोंधळून जाऊ नये.) लखपतच्या आसपासचा सायरा नावाचा परगणा नदीच्या गोड्या पाण्यावर भातपिकाचा होता. कच्छसारख्या कोरड्या राज्यात भाताची जमीन म्हणजे वसुलाचा कणाच. नदीच्या वरच्या अंगाला, रणाच्या कडेवर, सिंद्री हे कच्छच्या रावांचे एक छोटेसे ठाणे होते: विटांचा चौकोनी किल्ला, चार कोपऱ्यांना बुरूज, थोडी शिबंदी, आणि सिंधमध्ये जाणाऱ्या मालावर जकात घेण्याचे काम. इ. स. १८०८ मध्ये कॅप्टन ग्रिंडले या इंग्रज अधिकाऱ्याने या किल्ल्याचे एक चित्र काढून ठेवले. अकरा वर्षांनी त्या चित्राला किती मोल येणार आहे, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

सायऱ्याच्या भातशेतीवर पहिला घाव भूकंपाने घातला नाही. तो माणसाने घातला. सिंधचा अधिपती गुलामशाह कल्होडा याने कच्छवर स्वारी केली, आणि १७६२ मध्ये झारा येथे मोठी लढाई झाली. रणांगणावर भयंकर संहार झाला, पण कच्छ सर झाले नाही. परत फिरलेल्या गुलामशाहाने तेव्हा तलवारीपेक्षा दीर्घकाळ चालणारा उपाय योजला: मोरा या ठिकाणी त्याने नदीच्या पात्रात बांध घातला आणि सायऱ्याचे पाणी वरच्या वरच तोडले. कल्होड्यांमागून आलेल्या तालपूर मीरांनी तेच धोरण पुढे चालविले. १८०२ च्या सुमारास अली बंदर येथे आणखी एक बांध पुरा झाला, आणि कच्छकडे येणारे उरलेसुरले पाणीही आटले. वर्षानुवर्षे गाळ आणून टाकणारी नदी थांबली, भरतीचे खारे पाणी मोकळ्या पात्रातून आत शिरू लागले, आणि एके काळी रणाच्या काठावर असलेला सायरा परगणा हळूहळू रणाचाच भाग होऊन गेला. शत्रूच्या मुलखावर स्वारी करून त्याचे पीक जाळणे ही जुनी रीत; ते पीक पुन्हा कधी उगवूच नये अशी तजवीज करणारा हा कल्होडा त्या विद्येतला आचार्य म्हणावयास हवा.

अशा रीतीने १८१९ साल उजाडले तेव्हा नदी मृतप्राय झाली होती, लखपतचे वैभव उताराला लागले होते, आणि कच्छचे राज्यही फारशा बऱ्या अवस्थेत नव्हते. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये इंग्रजांनी राव भारमल यांना गादीवरून उतरवून त्यांचा अल्पवयी पुत्र देसळजी याला बसविले होते. कारभारासाठी नेमलेल्या मंडळात कंपनीचा रेसिडेंट कॅप्टन जेम्स मॅकमर्डो हाही होता. हा मनुष्य कच्छमध्ये पुष्कळ वर्षे मुरलेला होता. अंजार येथील त्याच्या बंगल्याच्या भिंतींवर रामायणातील प्रसंगांची चित्रे रंगविलेली आहेत, यावरून त्याच्या मुक्कामाच्या थाटाची कल्पना येते. भूकंपाविषयी जे विश्वसनीय वर्णन आपल्या हाती आहे ते मुख्यतः त्याचे, आणि ते पुढे मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत छापले गेले. स्वतः मॅकमर्डो मात्र ते छापलेले पाहण्यास राहिला नाही. १८२० च्या उन्हाळ्यात पटकीने त्याचा अंत झाला.

१६ जूनला सायंकाळी सातला दहा-पंधरा मिनिटे कमी असताना धक्का बसला. भूज शहरात सुमारे सात हजार घरे पडली किंवा मोडकळीस आली, आणि अकराशेंच्या वर माणसे ढिगाऱ्यांखाली गेली; सबंध प्रदेशातील मृतांची संख्या दीड हजारांच्या पुढे होती. नुकत्याच पेशवे-गायकवाडांच्या अंमलातून कंपनीकडे गेलेल्या अहमदाबादेत जामा मशिदीचे प्रसिद्ध हलते मनोरे कोसळले. धक्का दूर कलकत्त्यापर्यंत जाणवला. कच्छमधील नद्या एरवी पावसाळ्याखेरीज कोरड्या असतात. त्या दिवशी त्यांची पात्रे काही मिनिटे काठोकाठ भरली आणि पुन्हा रिकामी झाली. विहिरींना गढूळ पाणी उसळले. रणात ठिकठिकाणी वाळू आणि पाणी यांचे उमाळे फुटले. आज आपण जाणतो की पाण्याने भिजलेली सैल वाळू हादऱ्याने क्षणभर द्रवासारखी वागू लागते आणि वरच्या मातीच्या थराला भेदून बाहेर पडते. त्या काळच्या मनाला हे कारण सुचणे शक्य नव्हते. धिणोधर डोंगरावर अग्नी दिसल्याची वार्ता तर दूरवर पसरली. या डोंगराविषयी कच्छची एक जुनी कथा आहे: धोरमनाथ नावाच्या कानफाट्या योग्याने त्याच्या शिखरावर डोके खाली करून बारा वर्षे तप केले, आणि तपाच्या अंती त्याने उत्तरेकडे दृष्टी टाकताच तेथला समुद्र आटून त्याचे रण झाले. ज्या डोंगराशी भूमीच्या रूपांतराची स्मृती आधीच बांधलेली होती त्याच डोंगरावर लोकांनी ज्वाळा पाहाव्या, यात आश्चर्य नाही. पुढच्या काळात तेथे ज्वालामुखीची ताजी खूण कोणास सापडली नाही. धिणोधरचा खडक ज्वालामुखीजन्य आहे खरा, पण तो सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या वयाचा.

या सर्व गोंधळात सिंद्रीच्या ठाण्यावर जे घडले ते साऱ्यांहून विलक्षण होते. किल्ल्याखालची आणि त्याच्या सभोवतीची जमीन खचली, आणि कोरीच्या मुखातून समुद्राचे पाणी पात्राने वर चढून काही तासांत चहूकडे पसरले. भिंती व बुरूज पडले. वायव्येकडील एक बुरूज तेवढा उभा राहिला. ठाण्यातील माणसे त्याच्या माथ्यावर चढली आणि दुसऱ्या दिवशी नावांतून सुटून गेली. जेथे आदल्या दिवशी उंटांवरचा माल मोजला जात होता तेथे दोन हजार चौरस मैलांचे सरोवर झाले, असा त्या वेळचा अंदाज होता. नव्या मोजण्या त्याहून पुष्कळ कमी क्षेत्र देतात, पण त्याही हजार चौरस किलोमीटरांच्या खाली येत नाहीत. आणि उत्तरेस साडेपाच मैलांवर, जेथे आजवर क्षितिजापर्यंत सपाटी होती, तेथे या माणसांना जमिनीचा एक लांब उंच पट्टा आडवा उभा दिसला. नदीवर मीरांनी बांधलेले बांध त्यांच्या परिचयाचेच होते; हा बांध मनुष्यकृत नव्हे हे स्पष्ट व्हावे म्हणून त्यांनी त्याला अल्लाबंध म्हटले. कल्होड्याने शेकडो मजूर लावून जे साधले तेच, त्याच नदीवर, त्याच हेतूने केल्यासारखे, भूमीने काही मिनिटांत करून दाखविले.

नदीचा जो काही क्षीण ओघ अली बंदराच्या बांधातून पाझरत होता त्याला आता अल्लाबंधाची दुसरी आडकाठी झाली. पण सात वर्षांनी, नोव्हेंबर १८२६ मध्ये, सिंधूला असाधारण पूर आला. पाण्याने वरच्या अंगाचे सर्व कृत्रिम बांध एकामागून एक फोडले, आणि शेवटी अल्लाबंधालाही चिरून ते सिंद्रीच्या सरोवरात उतरले. मीरांचा बांध आणि ईश्वराचा बांध यांत नदीने काही भेद केला नाही. पुढे १८२७ आणि १८२८ मध्ये कच्छच्या रेसिडेन्सीतील एक तरुण अधिकारी अलेक्झांडर बर्न्स हा होडीने त्या भागात गेला. पुढे काबूलमध्ये १८४१ साली जमावाने ठार मारलेला बर्न्स तो हाच. परंतु त्या वेळी तो बाविशीतला, चौकस आणि निर्भय असा भूगोलप्रेमी होता. सिंद्रीचा बुरूज पाण्याबाहेर दोन-तीन फूट उभा होता. त्यावर चढून पाहिले तेव्हा उत्तरेकडील अल्लाबंधाची निळसर रेघ सोडली तर सर्व दिशांना पाण्याखेरीज काही दिसेना. नदीने बांध जेथे चिरला होता तेथील दरडी त्याने जवळून तपासल्या: चिकणमाती, आणि तिच्यात शिंपले खच्चून भरलेले. बांध म्हणजे कोठून तरी येऊन पडलेली माती नव्हती. खाडीचा जुना तळच वर उचलला गेला होता.

बर्न्सची ही टिपणे, मॅकमर्डोचे वर्णन आणि ग्रिंडलेचे ते जुने चित्र ही तिन्ही चार्ल्स लायेल या स्कॉटिश भूवैज्ञानिकाच्या हाती गेली, आणि १८३० पासून निघू लागलेल्या त्याच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या युगप्रवर्तक ग्रंथात सिंद्रीच्या ठाण्याला मानाचे स्थान मिळाले. पर्वत आणि दऱ्या कोण्या आदिकालीन प्रलयाने नव्हे, तर आजही चालू असलेल्या कारणांनी, थोडे थोडे करून घडतात हे लायेलला सिद्ध करावयाचे होते. आणि जमीन एका अंगाला उचलली गेली व दुसऱ्या अंगाला खचली, त्याची तारीख, वेळ, साक्षीदार आणि चित्र सर्व उपलब्ध आहे, असे याहून चांगले प्रमाण युरोपातही सापडत नव्हते. रावांच्या जकातखात्यातून नाहीसे झालेले एक क्षुद्र ठाणे असे एका नव्या शास्त्राच्या दफ्तरात कायमचे दाखल झाले.

लखपतच्या ऱ्हासाचा प्रश्न मात्र या कीर्तीमुळे झाकला गेला. आज प्रवासवर्णने आणि मार्गदर्शिका एकच वाक्य सांगतात: भूकंप झाला, सिंधूने मार्ग बदलला, आणि लखपत ओस पडले. हे वाक्य सोयीचे आहे, कारण त्यात कोणी दोषी नाही. पण साल लावून पाहिले तर सायऱ्याचा भात भूकंपापूर्वी दोन पिढ्या आधीच मरू लागला होता, आणि नदी अली बंदराच्या बांधाने सतरा वर्षे आधीच तोडली होती. एवढेच नव्हे, तर भूकंपाने लखपत बंदराचे एका अर्थी भलेच केले. तेथील खाडी ओहोटीला जेमतेम फूटभर आणि भरतीला सहा फुटांच्या आतबाहेर खोल असे, आणि माणसे तिच्यातून चालत पलीकडे जात. धक्क्यानंतर ती ओहोटीलाही अठरा फुटांहून अधिक खोल भरली. गाळाने भरत चाललेल्या बंदराला असा लाभ कोणत्याही राजाच्या खजिन्यातून झाला नसता. परंतु खोल खाडीला मागे भरलेला मुलूख लागतो, आणि तो मुलूख भूकंपाने नव्हे, तर झाऱ्याच्या लढाईत हात न आलेल्या विजयाचा सूड म्हणून घातलेल्या बांधाने गेला होता. जमादार फतेह महंमदाने १८०१ मध्ये मोठ्या हिमतीने लखपतचा कोट नव्याने बांधून घेतला होता. तो आज जवळपास अखंड उभा आहे, आणि त्याच्या आत राखण्यासारखे काही उरले नाही याचे कारण निसर्गाच्या माथी मारणे मला तरी प्रामाणिक वाटत नाही.

मग भूकंपाचे स्वतःचे असे काय उरते? उरते ती भूमीची रचना. हिंदुस्थानचा भूखंड आफ्रिकेपासून वेगळा होऊ लागला त्या अतिप्राचीन काळी कच्छच्या भागात जमीन ताणली जाऊन लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांच्यामध्ये द्रोणी तयार झाल्या. त्या द्रोण्यांत समुद्र शिरला, आणि त्याचे अमोनाइट नावाचे शंखाकृती अवशेष कच्छच्या डोंगरांत आजही विपुल सापडतात. पुढे तोच भूखंड उत्तरेकडे सरकून आशियाला भिडला. ही रेटारेटी अद्याप चालू आहे. वर्षाला चार-पाच सेंटिमीटर या गतीने ती होते, आणि तिचा ताण हिमालयात संपत नाही, द्वीपकल्पाच्या अंगभर तो पसरतो. एकदा चिरलेला ओटा कितीही लिंपला तरी पुन्हा चिरेवरच फुटतो, तद्वत हा ताण जुन्या भेगांवरच आपला मार्ग काढतो. फरक एवढाच की पूर्वी ज्या भेगेवर जमीन खाली घसरली होती तिच्यावर आता ती वर ढकलली जाते. अल्लाबंधाच्या खाली हेच झाले. उत्तरेकडे उतरत गेलेल्या भेगेवरून उत्तरेचा खंड दक्षिणेच्या खंडावर चढला. म्हणून एकाच झटक्यात एक बाजू उठली आणि दुसरी खचली, बांध आणि सरोवर ही जुळी भावंडे ठरली.

रणाच्या नकाशावर नजर टाकली तर पच्छम, खडीर, बेला ही बेटे एका ओळीत सपाटीतून वर आलेली दिसतात. पच्छमवरील काळा डुंगर सुमारे चारशे साठ मीटर उंच आहे. अल्लाबंधाच्या पाच-सहा मीटरांपुढे ही उंची प्रचंड वाटते, पण लाखो वर्षांच्या मुदतीत अशा किती संध्याकाळी येऊन गेल्या असतील याचा विचार केला म्हणजे तिच्यात अघटित काही राहत नाही. खडीर बेटावरील धोळावीरा या हडप्पाकालीन नगरात रवींद्रसिंह बिष्ट यांच्या उत्खननात तटबंदीच्या पडझडीच्या आणि डागडुजीच्या अशा खुणा मिळाल्या की त्या भूकंपाच्या असाव्यात असे त्यांचे मत झाले. अल्लाबंधाच्या परिसरात सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी जमिनीत चर खणून पाहिले, तेव्हा १८१९ च्या वाळूच्या उमाळ्यांखाली त्याहून आठशे ते हजार वर्षे जुने उमाळे आढळले. म्हणजे सिंद्रीचे लोक ज्याला प्रथमच घडलेले समजले ते त्या भूमीवर आधीही घडून गेले होते, आणि ते पाहणाऱ्यांची कोणतीही नोंद उरली नव्हती. २६ जानेवारी २००१ ला कच्छ पुन्हा हादरले. त्या वेळी सुमारे चौदा हजार माणसे केवळ सरकारी गणतीत मेली. पण भेग भूपृष्ठापर्यंत पोहोचलीच नाही, आणि नवा बांध उठला नाही. रणात मात्र जागोजागी पाणी वर आले, आणि लुप्त सरस्वती पुन्हा प्रकटली अशी आवई उठली. माणसाचे मन दोन शतकांत फारसे हलले नव्हते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपासून जडला, असे सर्वसाधारणपणे मानतात. कोयनेला डिसेंबर १९६७ मध्ये मोठा धक्का बसला होता, परंतु त्याचे खापर नव्या जलाशयावर फुटल्यामुळे दख्खनच्या पठाराच्या स्थिरतेवरील श्रद्धा शाबूत राहिली होती. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबाद सीमेवरची गावे निजली असता पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला केंद्र असलेला धक्का बसला. मानाने तो कच्छच्या भूकंपाच्या पुष्कळच खाली होता. मृत्यू मात्र आठ-दहा हजारांच्या घरात गेले. याचे कारण त्या घरांच्या रचनेत होते. दगड आणि चिखल यांच्या हातभराहून अधिक जाड भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद: मराठवाड्याच्या उन्हाला याहून सुंदर तोड नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यापूर्वी माळवदावर आणखी माती चढत गेली होती. पुष्कळ घरांत लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती आत पडल्या. आदल्या वर्षीच्या लहान धक्क्यांनी भ्यालेले लोक काही दिवस बाहेर निजले होते. ते धक्के थांबले तेव्हा ते पुन्हा घरांत गेले, आणि त्यांच्या जागी आपणही गेलो असतो.

भूमीने किल्लारीला काय केले हे पाहावयास जाणाऱ्याला निराश व्हावे लागते. शेतांतून तुटक तुटक अशी काही शे मीटरांची भेग, तिच्यावर उचललेली जमीन मीटरभरही नाही. रणात कोणी नांगर धरीत नाही, म्हणून अल्लाबंध दोनशे वर्षे टिकला. मराठवाड्यातील काळी जमीन मात्र दर उन्हाळ्यात आपण होऊन भेगाळते, दर पावसाळ्यात फुगून मिटते, आणि शेतकरी तिला वर्षातून अनेकदा उलथीपालथी करतो. अशा मातीत भूकंपाची खूण एका जमाबंदीपुरतीही तग धरणे कठीण. तेथे जो फेर झाला तो गावठाणांच्या नकाशात झाला. बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसविण्यात आली. वेस, पार, गढी आणि अरुंद बोळ यांभोवती दाटलेली वस्ती मोडून सरळ रस्त्यांच्या चौकटीत, कित्येक पटींनी विस्तारलेल्या जागेवर सुटी सुटी घरे उभी राहिली, आणि तलाठ्याच्या दफ्तरात शेतजमिनींना गावठाणाची नोंद लागली. पुढच्या काळातील कोणी संशोधक या परिसरात फिरला तर त्याला भेग दिसणार नाही. जोडीजोडीने असलेली जुनी व नवी गावठाणे दिसतील आणि त्यांवरून त्याला अनुमान करावे लागेल.

भूमीची आपली नोंद खाली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला सहाशे मीटरांहून खोल विंधण घेतले. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण, म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. त्याखाली काही मीटर जुना गाळ. आणि मग तळाचा पुरातन ग्रॅनाइटी खडक. खालच्या थरांत भेगेच्या दोन्ही अंगांच्या पातळीत आढळलेला फरक वर शेतात दिसलेल्या उचलीहून किती तरी अधिक होता. एका भूकंपाने तो होणे शक्य नाही. तेव्हा त्याच भेगेवर याआधीही पाय सरकला होता. किल्लारीच्या वायव्येस, त्याच तेरणा नदीकाठी, तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबांचे गाव म्हणून वारकरी ते ओळखतात. ग्रीक लेखकांनी ज्याचे नाव घेतले ते तगर नगर तेच. तेथील नदीकाठच्या दरडीत मृण्मय थरांची मोडतोड तपासून राजेंद्रन दांपत्याने असा निष्कर्ष काढला की सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी येथे मोठा भूकंप झाला असावा. म्हणजे जो काळ आपण वाकाटकांच्या ताम्रपटांवरून, लेण्यांवरून आणि विटांच्या चैत्यावरून जाणतो, त्याच काळात. ताम्रपटांत दानाच्या जमिनीच्या चतुःसीमा काटेकोर लिहिलेल्या असतात. त्या जमिनी हादरल्याचे एक अक्षर त्यांत नाही.

सरकारी दफ्तराने यातून एक दुरुस्ती मात्र केली. देशाचे भूकंपप्रवण विभाग दाखविणाऱ्या अधिकृत नकाशात किल्लारीचा परिसर १९९३ पर्यंत पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित, विभागात रंगविलेला होता. २००२ च्या सुधारित आवृत्तीत तो तिसऱ्या विभागात गेला, आणि पहिला विभाग नकाशातून सर्वस्वी काढून टाकण्यात आला. हल्लीच्या यादीची सुरुवात दोनपासून होते.